एकवीसचा धडा

परवा पुण्यात ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांना पाहुणा म्हणून शिकवायला गेलो होतो. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली जिथे भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, त्या गावात गणित शिकवायचं म्हणजे पोटात गोळा येतोच!

मूळ संख्या अनंत आहेत, ही युक्लिडची सिद्धता मुलांना पाठ होती. म्हणून पुढचं घेतलं. ४ ने भागून बाकी ३ उरते अशा मूळ संख्याही (३, ७, ११...) अनंत आहेत. माहीत असतील त्यांचा गुणाकार करा, ४ ने गुणा, १ वजा करा. उत्तराला बाकी ३ वाला नवा मूळ अवयव असतोच, कारण बाकी १ वाल्यांच्या गुणाकाराची बाकी १ च येते.

"आणि बाकी १ वाल्या?" एकाने विचारलं.

"तसंच. वजाऐवजी अधिक १," मी घाईत बोलून गेलो.

मागून एक मुलगी म्हणाली, "सर, ५ घेतला तर २१ येतात. म्हणजे ३ गुणिले ७."

दोन्ही बाकी ३ वाले! क्षणभर सारवासारव करावीशी वाटली. मग म्हटलं, "माझं चुकलं. चला, शोधू या."

अर्धा तास झटापट झाली. शेवटी गुणाकाराच्या दुपटीचा वर्ग अधिक १, ही युक्ती सापडली. ५ साठी १०१. ती नेहमी का चालते, हा गृहपाठ!

निम्मी टिपणं तशीच परत आणली. निघताना ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, तुमचंसुद्धा चुकतं?"

"रोज," म्हटलं. काय खुलली ती!