जागा वाढवताना

मनोरी, रविवार

पावसामुळे मार्व्याला बोटीने जायचा बेत रद्द केला आणि फ्रीबीएसडीचं व्हर्च्युअल मशीन उघडलं. गावच्या जुन्या फोटोंचे स्कॅन त्यात मावेनात, म्हणून आधी त्याची प्रत काढून ठेवली आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये २० जीबीची डिस्क ४० ची केली.

'जीपार्ट शो' दिल्यावर डिस्कपुढे 'करप्ट' असं आलं. नवखा माणूस इथेच हबकतो. खरं तर बिघडलेलं काही नसतं. जीपीटी आपल्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी टोकाला ठेवते. डिस्क वाढली की ती प्रत मधेच राहून जाते. 'जीपार्ट रिकव्हर'ने ती पुन्हा टोकाला गेली.

अडसर होता स्वॅपचा. ते रूट पार्टिशनला खेटून बसलेलं आणि मोकळी जागा त्याच्या पलीकडे. पार्टिशन सलगच वाढतं, म्हणून 'स्वॅपऑफ' करून ते काढलं, रूट वाढवलं आणि शेवटच्या २ जीबीत नवं स्वॅप केलं.

मग 'ग्रोएफएस'. मशीन चालू असताना, त्याच रूटवरून काम सुरू असताना फाइलसिस्टीम वाढते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. आता स्कॅन आत घ्यायला सुरुवात केली आहे, चर्चजवळच्या घरांच्या फोटोंपासून.