आमच्या घरी मूर्ती नाहीत

आम्ही ख्रिस्ती. तेही नगरकडचे, म्हणजे आता अहिल्यानगरकडचे म्हणायचे. त्यामुळे आमच्या जुईनगरच्या फ्लॅटमध्ये देव्हारा नाही. दहा आज्ञांपैकी मूर्तीबद्दलची आज्ञा पाळायला सर्वांत सोपी, असे आमच्या मंडळीत बहुतेकांना वाटते. शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, हे कलम अवघड. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की ते रोज सकाळी पार्किंगमध्येच मोडते. पण मूर्ती घरातच नाही, तर पुजणार कुठून?

आमच्या पाळकसाहेबांनी या समाधानाला सुरुंग लावला. उपवासकाळातल्या एका रविवारी ते म्हणाले, "मूर्ती दगडाचीच असते असं नाही. जिच्यावाचून आपलं चालणारच नाही असं वाटतं, ती आपली मूर्ती. घरी जाऊन शोधा."

मंडळी घरी गेली आणि शोधाला लागली. शोधली अर्थात एकमेकांची. सौ.ला माझी सापडली, मला सौ.ची. चिरंजीवांची शोधावीच लागत नाही. ती दिवसभर त्यांच्या हातात असते आणि रात्री तिला चार्जिंगला लावतात.

मार्टिन ल्यूथरने १५२९ सालीच लिहून ठेवले आहे की, माणसाचे मन ज्यावर विसंबते तोच त्याचा खरा देव. आता हेच पाहा ना. रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असला की उपासनेला जाणे माणसाला अशक्य होते. त्याच मेगाब्लॉकात नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना असला, तर रिक्षा, बस, मेहुण्याची स्कूटर असे सगळे मार्ग खुले होतात. शास्त्रातला तो श्रीमंत तरुण घ्या. सगळ्या आज्ञा पाळणारा, अगदी सज्जन. पण 'आहे ते विकून गरिबांना दे' म्हटल्यावर खिन्न होऊन निघून गेला. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला तो चेहरा ओळखीचा आहे. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायला आलेला प्रत्येक जण तसाच दिसतो.

गंमत अशी की मूर्ती सहसा वाईट वस्तूची नसतेच. वाईट वस्तू ओळखू तरी येते. लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा. १८९५ साली रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले. पुढे बाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी त्यांचे सोवळे वेगळे. त्यांचे वडील तर असे सोवळ्याचे की बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. म्हणजे ही मूर्ती माहेरची, प्रेमाने जपलेली. ती नवऱ्याच्या वादविवादाने हलली नाही. पण जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार बाईंनी स्वतःशी केला, आणि इतक्या वर्षांचे सोवळे मनातून उतरले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात त्याआधीच गेली होती. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो खरे, पण त्या हसण्याखाली केवढा सौदा झाला आहे!

आणि टिळकांनी काय केले? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. कुणी म्हणेल, मिशन तर देवाच्याच कामाचे, ते कशाला सोडायचे? पण देवाच्या कामाचा पगारही देवाच्या खुर्चीत बसू शकतो. पगारावर पाणी सोडणे म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आमच्या घरची मूर्ती सौ.ने एका वाक्यात दाखवली. "अहो, तुमचा देव म्हणजे हा फ्लॅट आणि पाच मिनिटांवरचं स्टेशन."

आई गावी एकटी असते. वय अठ्ठ्याहत्तर. मुंबईत तिचा जीव रमत नाही. दारापुढच्या लिंबाखाली बसल्याशिवाय तिची प्रार्थना होत नाही. फोनवर ती कधी 'ये' म्हणत नाही. "पाऊस झाला का रे तिकडं?" एवढंच विचारते आणि मी काय सांगतो ते न ऐकता फोन कानाशी धरून बसते. मागच्या महिन्यात तिने एकाच फोनमध्ये पाऊस तीनदा विचारला.

गेल्या सोमवारी मी बदलीचा अर्ज टाइप केला. 'विनंतीवरून बदली', कारणाच्या रकान्यात 'आई'. सही करताना खिडकीतून लोकलचा आवाज आला. रोज ऐकू येतो, पण त्या दिवशी तो जरा जास्तच गोड वाटला. अर्ज पुढे गेला.

मूर्ती उतरवायची म्हणजे फोडायची नसते, असे पाळकसाहेब म्हणतात. फ्लॅट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा. एजंटने आकडा सांगितला. चांगला आहे. तेव्हापासून मी तो सकाळ-संध्याकाळ आणि झोपण्यापूर्वी एकदा मनातल्या मनात म्हणतो.

काल सौ.ने माझे पुटपुटणे ऐकले.

"इतक्यात नवीन आणलीत वाटतं?"