भरवशाची गाडी

२०२२ च्या जूनअखेर मी राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो आणि ऑक्टोबरात आम्ही उभयता मुलाकडे झांबियाला गेलो. इंदूरच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतलेला आमचा मुलगा तेथील मध्य प्रांतात, मकुशी नावाच्या गावाजवळ, एका विस्तीर्ण शेतावर व्यवस्थापक आहे. पावसाळ्यात सोयाबीन आणि मका, कोरड्या हंगामात ओलिताचा गहू, असा तेथील क्रम. माळव्यातून गेलेल्या माणसाला सोयाबीन पाहून परके वाटण्याचे कारण नाही; मात्र आमच्याकडे जी शेती बिघ्यांत मोजतात ती तेथे शेकडो हेक्टरांत मोजली जाते.

सूनबाईंना तेव्हा सहावा महिना होता. घरापासून डांबरी सडक ३८ किलोमीटर. मधला रस्ता तांबड्या मातीचा आणि वाटेत एक नाला. सडकेला लागल्यावर राजधानी लुसाका सुमारे ३०० किलोमीटर. अशा ठिकाणी वाहन ही चैनीची वस्तू राहत नाही. नेमक्या त्याच वर्षी मुलाच्या नोकरीचा करार नव्याने झाला होता आणि त्यात कंपनीच्या गाडीऐवजी वाहनभत्ता मिळणार होता. नोव्हेंबरअखेर जुनी गाडी परत करायची होती. त्याआधी स्वतःची घेणे भाग होते, आणि ती पिकअपच हवी होती. पुढे चार माणसे, मागे हौद, हौदात कधी बियाण्याची पोती, कधी डिझेलचे पिंप, कधी शेतावरचा एखादा आजारी मजूर. दक्षिण आफ्रिकेहून येऊन तेथे स्थायिक झालेले शेतकरी या वाहनाला 'बकी' म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींनी दुसऱ्याच दिवशी तिचे 'बाकी' केले आणि 'बाकी काय म्हणते?' असा प्रश्न रोज जेवताना होऊ लागला.

अडतीस वर्षे कार्यालयात काढलेल्या माणसाला खरेदी म्हटली की तुलनात्मक तक्ता आठवतो. मी फूलस्केप कागद घेतला, रकाने आखले: किंमत, वर्ष, चाललेले किलोमीटर, वॉरंटी, डिझेलचा ॲव्हरेज, आसने. नवी टोयोटा हायलक्स, दक्षिण आफ्रिकेतून आलेली फोर्ड रेंजर, जपानी इसुझू, आपल्या महिंद्राची पिकअप, आणि खाणवाल्यांची लाडकी लँड क्रूझर ७९, जिच्या ४.२ लिटरच्या साध्यासुध्या सहा सिलिंडरी इंजिनाची तेथे लोक पूज्य भावाने चर्चा करतात. लँड क्रूझर जुनी झाली तरी तिची किंमत उतरत नाही, म्हणून ती पहिल्याच फेरीत बाद झाली. किमतीच्या रकान्यात महिंद्रा पहिली आली. स्कॉर्पिओ नाशिकला बनते हे मला ठाऊक होते, आणि दरबानला महिंद्राच्या पिकअपची जुळणी २०१८ पासून होते हेही कळले. परदेशात आपल्या मुलुखाची वस्तू पाहिली की मन पातळ होते. मी त्या नावाखाली लाल शाईने रेघ ओढली.

मुलाने तक्ता आदराने पाहिला. म्हणाला, "बाबा, गाडी चांगलीच आहे. पण तुमच्या तक्त्यात एक रकाना राहिला आहे. बंद पडली तर मकुशीत तिला कोण उघडणार?"

त्या शनिवारी तो मला मकुशीच्या पेट्रोल पंपावर घेऊन गेला. आम्ही सावलीत गाडी लावली आणि दोन तास येणाऱ्या-जाणाऱ्या पिकअप मोजल्या. दहांतल्या सहा-सात हायलक्स निघाल्या. त्याही नव्या नव्हेत, दहा-बारा वर्षांच्या, ओरखडलेल्या, भाराने पाटे बसलेल्या, पण चालत्या. मग तो मला एका वयस्क मिस्त्रीकडे घेऊन गेला. 'कोणती गाडी उत्तम' असे त्याने विचारले नाही. 'तुमच्या फळीवर कोणत्या गाडीचे सामान आहे' एवढेच विचारले. मिस्त्रीने फळी दाखवली: फिल्टर, क्लच प्लेटा, ब्रेकचे पॅड, बेअरिंगे, पाण्याचे पंप. नावे वाचावी लागली नाहीत. शासनाच्या कोणत्याही खरेदी समितीत मला ही पद्धत कोणी शिकवली नव्हती, आणि शिकवली असती तरी लेखापरीक्षकाने ती मान्य केली नसती.

नवी का नको, हा माझा पुढचा प्रश्न. तीन वर्षांची हमी, कोरे इंजिन. निवृत्त बापाने थोडी भर घातली असती तर जमलेही असते. त्यावर मुलाने जे सांगितले ते परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे वाटते. परमिटावर राहणारा माणूस गाडी घेतो तेव्हाच ती विकण्याचाही विचार करतो. करार दोन वर्षांचा. तो वाढला नाही तर महिन्या-दोन महिन्यांत घर आवरावे लागते. कोरी गाडी तेव्हा पडेल भावाने जाते. दहा वर्षांच्या हायलक्सची जी घट व्हायची ती आधीच होऊन गेलेली असते. शिवाय गाडी देशातच घेतली तर तिची ड्यूटी भरलेली असते. बाहेरून मागवली तर आयात कर आणि पाच वर्षांहून जुनी असेल तर वर अधिभार.

बाहेरून मागवणे म्हणजे बहुधा जपानहून. तेथून जुन्या गाड्या जहाजाने दार-ए-सलामला उतरतात आणि तुंडुमा-नाकोंडेची सीमा ओलांडून त्याच ग्रेट नॉर्थ रोडने लुसाकाकडे येतात. मकुशीजवळून जाताना त्यांच्या काचांवरचे जपानी अक्षरांचे कागदही दिसतात. मला वाटले, हायलक्स जपानची, तर जपानचीच घ्यावी. मुलगा हसला. टोयोटाने २००४ साली जपानमध्ये हायलक्स विकणे बंद केले ते २०१७ पर्यंत. पुन्हा सुरू केली तीही थायलंडमध्ये बनवलेली. आपल्याला हव्या त्या वयाची 'खास जपानमध्ये चाललेली हायलक्स' कोणी देऊ करील तर तो काय देतो आहे ते नीट पाहायला हवे. झांबियात दिसणाऱ्या पुष्कळशा हायलक्स दरबानच्या कारखान्यात तयार झालेल्या असतात. माहेर दरबान, आणि कूळ तेवढे जपानी!

आमच्या आजीच्या तोंडी 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण नेहमी असे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लुसाकातील एका विक्रेत्याकडे मला ती आठवली. (विक्रेत्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.) गाडी आरशासारखी चमकत होती. किलोमीटर कमी, टायर नवे, आणि विक्रेत्याने अभिमानाने पुढे केले ते तिचे देखभालीचे पुस्तक. सहा वर्षांच्या नोंदी, एकही चुकलेली नाही. मुलगा बॉनेट उघडून पाहत होता. मी सवयीने पुस्तक चाळू लागलो आणि दुसऱ्याच पानावर थांबलो. सहा वर्षांच्या नोंदी एकाच निळ्या शाईत होत्या. अक्षराचा कल तोच, दाब तोच; शेवटच्या पानापर्यंत हात दमत गेल्याचेही दिसत होते. खरे लॉगबुक कधी इतके देखणे नसते. त्यावर चहाचे डाग असतात, तेलकट अंगठे असतात, मध्येच पेन बदललेले असते. मला हे इतक्या खात्रीने कळले, कारण मार्चअखेर एका बैठकीत भरलेल्या वर्षभराच्या लॉगबुकांवर मी स्वतः सह्या केलेल्या आहेत. मी मुलाला मराठीत हळूच म्हटले, "चल. हे पुस्तक एका रात्रीत लिहिलेले आहे." आयुष्यातले एक पाप असे एकदा तरी कामाला आले.

परतीच्या वाटेवर मुलगा खुशीत होता. मी मात्र गप्प होतो. त्या निळ्या शाईने मला दुसरा एक कागद आठवला होता.

१९९६ चा ऑगस्ट. माझी नेमणूक तेव्हा आलिराजपूरला होती. तो जिल्हा व्हायला अजून बारा वर्षे होती. मुलगा चार वर्षांचा. रात्री ताप चढला आणि त्याला झटके येऊ लागले. गावातल्या डॉक्टरांनी दाहोदला नेण्यास सांगितले. सरकारी जीप निघाली आणि भाबऱ्याच्या अलीकडे अंधारात थांबली. डिझेल येईना. ड्रायव्हर पावसात बॉनेटखाली वाकून पाइप सोडी, हातपंपाने हवा काढी. जीप शंभर पावले चाले आणि पुन्हा बंद पडे. फिल्टर गाळाने भरला होता. पत्नी मांडीवर मुलाला घेऊन बसली होती आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळावर बॅटरी पाडीत होतो. सुमारे दोन तासांनी बांबूंनी भरलेला एक ट्रक आला. त्याच्या केबिनमध्ये बसून आम्ही दाहोद गाठले. मुलगा वाचला, बरा झाला, त्याला त्यातले काही आठवतही नाही.

जे कोणालाच ठाऊक नव्हते ते असे: त्या ड्रायव्हरने फिल्टर बदलण्याची मागणी दीड महिन्यापूर्वी लेखी दिली होती. कागद माझ्याच टेबलावर आला होता आणि मीच त्यावर निळ्या शाईत शेरा मारला होता, 'तीन कोटेशन मागवावीत.' नियमाने ते बरोबरच होते. त्या रात्री ड्रायव्हर एका शब्दानेही बोलला नाही.

पुढचे सविस्तर सांगत नाही. नोव्हेंबरच्या मध्यास पहिला पाऊस पडला त्याच आठवड्यात, दक्षिण आफ्रिकेला परत निघालेल्या एका शेतकरी कुटुंबाची २०१२ ची हायलक्स मिळाली. तीन लिटरचे डिझेल इंजिन, चार दरवाजे, चारही चाकांना जोर देणारा गिअर, दोन लाखांवर किलोमीटर. तिचे पुस्तक मळके होते. तीन-चार वेगवेगळी हस्ताक्षरे, दोन ठिकाणी नोंदच नाही. पण या इंजिनाचा टायमिंग बेल्ट सुमारे १,५०,००० किलोमीटरला बदलावा लागतो, त्या कामाचे चुरगळलेले बिल शेतकऱ्याच्या बायकोने डब्यातून काढून दिले. मी खाली बसून चासीवरचा नंबर तेथील नोंदणीच्या 'व्हाइट बुक'शी ताडून पाहिला, गालिचा उचलून गंज पाहिला. पोलिसांचा दाखला, मालकी बदल, सगळे रीतसर झाले. हेही इंजिन घाणेरड्या डिझेलाला नाजूकच. इंजेक्टर एकदा गेले की मोठा खर्च. म्हणून मुलाने पहिल्याच आठवड्यात पाणी वेगळे करणारा जादा फिल्टर बसवून घेतला आणि हायलक्सचे दोन फिल्टर आणून घरात ठेवले. मी न सांगता आणखी दोन आणवले. सौभाग्यवतींनी ते लोणच्याच्या बरण्यांशेजारी रचले.

सूनबाईंना १६ जानेवारीला लुसाकाला नेऊन ठेवायचे ठरले होते. १४ ला भोगी. त्या रात्री अकराच्या सुमारास, दोन आठवडे आधीच, कळा सुरू झाल्या. दिवसभर पाऊस झाला होता. मुलाने किल्ली फिरवली तेव्हा माझा श्वास कोठे होता ते मला सांगता येणार नाही. अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागले.

नाल्याशी पोहोचलो तर पलीकडे दिवे दिसले. शेतावरचा मुकादम ट्रॅक्टर घेऊन उभा होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. आमच्या घरातले दिवे लागलेले पाहून तो आधीच पुढे गेला होता आणि काठीने पाणी मोजून बसला होता. "मांडीच्या खाली आहे, बाशिकुलु," तो मला म्हणाला. बेंबा भाषेत आजोबांना असे म्हणतात. त्या रात्री ते जरा आगाऊच होते. ट्रॅक्टर पुढे, आम्ही त्याच्या चाकोरीतून मागे, असा नाला ओलांडला. मकुशीच्या सरकारी इस्पितळात तपासले. वेळ आहे, पुढे जाता येईल, असे तेथील बाईंनी सांगितले. ग्रेट नॉर्थ रोडवर तांबे वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगा चुकवीत, कापिरी, काब्वे मागे टाकीत, उजाडता उजाडता आम्ही लुसाका गाठले.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मुलगा आणि मी बाकावर बसलो होतो. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही रात्रभर रस्त्याकडे पाहिलेच नाहीत. बॉनेटकडे कान लावून होता. आईने मला दाहोदची गोष्ट केव्हाच सांगितली आहे."

"आईला अर्धीच ठाऊक आहे," मी म्हटले आणि राहिलेली अर्धी सांगितली. छत्तीस नव्हे, सव्वीसच वर्षे झाली होती. मला मात्र उगीचच जास्त वाटत होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो ड्रायव्हर पुढे भेटला का?"

भेटला नव्हता. माझी बदली झाली, त्याची झाली. मी कधी चौकशी केली नाही, हेही त्याला सांगितले.

दुपारी नात झाली.

मी मकुशीच्या दुकानातून दोनशे पानी वही आणून गाडीसाठी लॉगबुक आखून ठेवले होते: दिनांक, सुरुवातीचे किलोमीटर, शेवटचे किलोमीटर, डिझेल, प्रवासाचे प्रयोजन. चार दिवसांनी सगळी मंडळी घरी परतल्यावर, सायंकाळी, मी त्या फेरीची नोंद करायला बसलो. प्रयोजनाच्या रकान्यात हाताने सवयीने 'शासकीय कार्य' असे लिहून टाकले. ते खोडून बाजूला 'नातीस घरी आणणे' असे लिहिले, आणि खाडाखोड झाली म्हणून नियमाप्रमाणे तेथे सही केली.