नेरूळ ते गोरेवाडा

प्रवासवर्णन म्हटलें कीं त्यांत काशी-रामेश्वर, निदान पंढरपूर तरी असावयाचेंच, अशी आमच्या पिढीची समजूत. आमच्या नातवंडांना ती मान्य नाहीं. २०२५ च्या दिवाळीच्या सुटींत कोठें जावें याचा खल नेरूळच्या आमच्या घरीं सुरू झाला, तेव्हां गाणगापूर व गोकर्ण हीं नांवें आम्हीं सुचवून पाहिलीं. परंतु मतदानांत वाघ बहुमतानें निवडून आला. नागपुराजवळ गोरेवाडा येथें बंद गाडींत बसून मोकळे वाघ पाहतां येतात, असें थोरल्या नातवानें कोठेंसें वाचलें होतें. नागपुरास आमच्या वडील भगिनी राहतात व त्यांच्या भेटीस तीन वर्षें होऊन गेलीं होतीं. वाघ आणि आक्का एकाच गांवीं निघाल्यामुळें आक्षेप घेण्यास आम्हांसहि जागा उरली नाहीं.

दोन मोटारी, नऊ माणसें आणि आमच्या कुटुंबानें बांधून दिलेल्या दशम्या-चकल्यांचे डबे असा सरंजाम घेऊन आम्ही पहांटे पांच वाजतां निघालों. ठाणें-बेलापूर रस्त्यानें ऐरोली, तेथून खाडीवरचा पूल, मग ठाणें आणि भिवंडी. भिवंडीपुढें आमणे येथें समृद्धि महामार्ग लागतो. हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा मोठा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं. लहानपणीं कसाऱ्याचा घाट म्हणजे आगगाडीला मागून एंजिन लावण्याची घटका, खिडकींतून येणारें गार वारें, आणि इगतपुरीचा चहा. आतां डोंगराच्या पोटांतून पावणेआठ किलोमीटरांचा बोगदा काढला आहे. धाकट्या नातीनें डोळे मिटले, शंभरपर्यंत आंकडे अनेकदां मोजले, आणि डोळे उघडले तों घाट संपला होता. सोय मोठी झाली खरी. पण घाट पाहिला असें आतां कोणास म्हणतां येणार नाहीं.

या रस्त्यावर मोटारीला ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत रथांतून हरिणाचा पाठलाग करितो, तेव्हां रथाच्या वेगामुळें दूरची बारीक वस्तु क्षणांत मोठी दिसूं लागते, असें वर्णन आहे. तें आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविलें. प्रत्यय मात्र सिन्नरच्या पुढें आला. भेद एवढाच कीं, दुष्यंताच्या पुढें निदान हरिण होतें. आमच्या दोहों बाजूंस कुंपण होतें, आणि पुढें एक मालवाहू मोटार.

तें कुंपण व्यर्थ नाहीं, हें थोरल्या सूनबाईंनीं समजावून दिलें. तानसा, काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या अभयारण्यांच्या परिसरांतून हा मार्ग गेला आहे. जनावरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा त्यानें तोडल्या जाऊं नयेत म्हणून डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्यानें ठिकठिकाणीं रस्त्याखालून भुयारी वाटा व कांहीं जागीं रस्त्यावरून पूल बांधले आहेत. त्या पुलांवर माती घालून झाडझाडोरा लाविला जातो, हेतु हा कीं, हरिणाला आपण पुलावर आहों असें वाटूं नये. अशा एका पुलाखालून आम्ही गेलों. "म्हणजे आपण खालीं आणि तीं वर," असें म्हणून नातीनें मोटारीच्या छपराकडे पाहिलें. वर हरिण होतें कीं नव्हतें कोण जाणे.

त्या रात्रीं आम्ही जालन्यास व्याह्यांकडे राहिलों. पाहुणचाराचें वर्णन करीत नाहीं. तें ज्याचें त्यानें ओळखावें.

दुसरे दिवशीं दुपारीं महामार्ग सोडून वाशिम जिल्ह्यांतील कारंजास उतरलों. श्रीनृसिंहसरस्वतींचें हें जन्मस्थान. त्यामुळें आमचें तीर्थयात्रेचें घोडेंहि येथें गंगेंत न्हालें. दर्शन झाल्यावर एका परिचित शेतकरी गृहस्थांनीं आम्हांस सायंकाळीं गांवाबाहेरच्या गवताळ माळाकडे नेलें. हा भाग काळविटांचा. काळवीट म्हणजे संस्कृतांतील कृष्णसार. तो जेथें आपल्या इच्छेनें संचार करितो तोच देश यज्ञकर्मास योग्य, असें जुन्या स्मृतिकारांनीं सांगून ठेविलें आहे. भूमीचें लक्षण देवळावरून वा नदीवरून न सांगतां एका रानटी पशूच्या फिरण्यावरून सांगावें, याचें आम्हांस नेहमींच नवल वाटत आलें आहे. कारण कांहींहि असो, ज्या माळावर कृष्णसार चरतो तेथें गवत आहे, पाणी आहे, आणि माणसाचा हात अजून आवरलेला आहे, इतकें तरी त्यावरून खास ठरतें.

आम्ही अर्धा तास उभे होतों. मुलांची चुळबुळ सुरू झाली. धाकटे चिरंजीव घड्याळ पाहूं लागले. इतक्यांत पिवळ्या गवतावर पिळदार शिंगांची एक जोडी उमटली, मग दुसरी. एका नराची मान वळली, आणि पाठोपाठ सारा कळप हवेंत उसळ्या घेत सूर्याच्या दिशेनें निघून गेला. फार तर बोटें मोजण्याइतका वेळ. नातवाचें छायाचित्रण-यंत्र पिशवींतच राहिलें. आम्हीं त्यास सांगितलें कीं, 'मृग' शब्द ज्या धातूशीं जोडतात त्या धातूचा अर्थच 'शोधणें' असा आहे. मृगया म्हणजे शोध, आणि मृग म्हणजे ज्याला शोधावें लागतें तो. पुढें त्या शब्दाचा अर्थ आकुंचित होऊन केवळ हरिण असा झाला. एरवीं सिंहाला मृगराज म्हणण्याचें कारण नव्हतें. नातवानें हें शांतपणें ऐकून घेतलें व उद्यां यंत्र गळ्यांतच ठेवीन म्हणून सांगितलें.

परत येतांना त्या शेतकरी गृहस्थांनीं दुसरी बाजू सांगितली, ती गाळून पुढें जाणें अन्यायाचें होईल. त्यांचें सोयाबीन घरीं आलें होतें, तूर उभी होती. रात्रीं हरिणें, रोही आणि रानडुकरें शेतांत शिरतात. घरांतला एक पुरुष रोज जागलीला जातो. मचाणावर कंदील, हातांत डबा व काठी. सरकारी भरपाई मिळते, पण पंचनाम्यापर्यंत पिकाचा आणि माणसाचा धीर टिकावा लागतो. "तुम्ही मुंबईचे लोक पाहून जाता," ते म्हणाले, आणि लगेच हंसून मुलांच्या हातांत हिरव्या तुरीच्या शेंगा दिल्या.

तिसरे दिवशीं गोरेवाडा. नागपुरास पाणी पुरविणारा जुना तलाव, त्याभोंवतीं राखलेलें रान, आणि त्यांत सुमारे १९०० हेक्टरांवर योजिलेलें हें प्राणिउद्यान. त्यांतील भारतीय पशूंचा विभाग २६ जानेवारी २०२१ रोजीं सुरू झाला. आपली मोटार आंत नेतां येत नाहीं. उद्यानाच्या जाळीदार गाडींत बसावें लागतें. धाकटे चिरंजीव यावर थोडे हिरमुसले, कारण विलायतेंत लोक स्वतःच्या मोटारी सिंहांतून हांकीत नेतात. तें खरें आहे. इंग्लंडांत लाँगलीट येथील एका सरदाराच्या जहागिरींत १९६६ सालीं ही तऱ्हा सुरू झाली. त्याच्या दोन वर्षें आधीं, १९६४ सालीं, जपानांत टोकियोच्या तामा प्राणिसंग्रहालयानें सिंहांमधून प्रवाशांची गाडी फिरविली होती. तेव्हां गोरेवाड्याचा मार्ग इंग्रजी नसून जपानी म्हणावा, आणि आमचे चिरंजीव घाटांत वाहन कसें हांकतात तें पाहतां तोच बरा.

प्रवेशाला दोन फाटकें असतात. पहिलें आपल्यामागें लागल्याशिवाय दुसरें उघडत नाहीं. या दोहोंमधल्या क्षणांत गाडींतले सर्वजण आपोआप गप्प झाले. उद्यानाचे चार भाग आहेत: तृणभक्षक, अस्वल, बिबट्या आणि वाघ. चितळ व रोही कारंजाच्या अनुभवानंतर मुलांना जुने वाटले. अस्वलानें मात्र सर्वांस खिळवून ठेविलें. तें वारूळ उकरीत होतें. त्याच्या वरच्या जबड्यांत पुढचे मधले दोन दांत नसतात. त्या फटींतून तें वाळवी फुंकून-ओढून खातें. तो आवाज कांचेंतूनहि ऐकूं आला. आमच्या कुटुंबास त्या आवाजानें कोणाच्या चहा पिण्याची आठवण झाली तें येथें लिहीत नाहीं. बिबट्या एका फांदीवर पाठ फिरवून निजला होता आणि त्यानें आमच्यासाठीं कूस बदलली नाहीं.

वाघ पाणवठ्याच्या कडेला बसला होता. गाडी वीस हातांवर थांबली. त्यानें मान उचलली, गाडीकडे पाहिलें, आणि पुन्हां पंजावर हनुवटी टेकली. त्या पाहण्यांत राग नव्हता, भय नव्हतें, कुतूहलहि नव्हतें. टांग्याचा घोडा रोजच्या उताऱ्याकडे पाहतो तसें तें पाहणें होतें. गाडींतील मंडळी हर्षभरित झाली, नातवाचें यंत्र सारखें टिकटिकत होतें, आणि कारंजास एक क्षण दिसलेल्या शिंगांनीं काळजांत जी धडधड झाली होती ती येथें एवढ्या मोठ्या जनावरापुढें कां होत नाहीं, याचा विचार आम्ही करीत होतों. तेवढ्यांत नातीनें विचारलें, "हा घरीं कधीं जाणार?"

वाटाड्यानें तिला प्रांजळपणें उत्तर दिलें. येथें वन्यपशूंसाठीं उपचार व आश्रय केंद्र आहे. आई मेलेले बछडे, जखमी झालेले किंवा माणसांवर हल्ले केल्यामुळें पकडलेले वाघ-बिबटे तेथें आणले जातात. माणसाच्या हातून वाढलेला बछडा शिकार शिकत नाहीं, आणि माणसाचें भय तर मुळींच शिकत नाहीं. असा वाघ रानांत सोडला तर तो गांवाकडेच येणार. म्हणून त्यानें आयुष्य येथेंच काढावयाचें. नात गप्प झाली. आम्हांस मात्र हें ऐकून त्या उद्यानाविषयीं अधिक आदर वाटला. हौसेसाठीं धरून आणलेल्या जनावराचा तमाशा आणि निराधार झालेल्याचें पोषण यांत अंतर आहे; तिकिटाचा पैसा त्या पोषणास लागत असेल तर तिकीट काढावें.

सायंकाळीं आक्कांपुढें मुलांनीं सर्व वृत्तांत सांगितला. आक्का चंद्रपुराकडे सिंदेवाहीच्या बाजूस नांदल्या. त्या म्हणाल्या, "आम्ही सासरीं वाघाचें नांव घेत नसूं, 'मोठें जनावर' म्हणत असूं." त्या मुलखांत आजहि मोहफुलें व तेंदूचीं पानें वेंचण्यास गेलेलीं माणसें वाघाच्या तोंडीं पडतात. आक्कांच्या शेजारची एक बाई अशीच गेली, तिचीं मुलें यांच्या ओसरीवर जेवत असत. मुलांनीं यंत्रांतलें चित्र दाखविलें तें आक्कांनीं चष्मा पुसून बराच वेळ पाहिलें आणि "पोटभर जेवलेला दिसतो," एवढेंच म्हणून परत दिलें.

नेरूळला परत आल्यावर नातीनें तोच प्रश्न आमच्या घराजवळच्या पांखरांविषयीं केला, म्हणून थोडें त्यांच्याविषयीं. पाम बीच रस्त्याच्या खाडीकडील बाजूस, नेरूळ-सीवूड्सच्या हद्दींत, सुमारे ३० एकरांचें एक तळें आहे. शेजारच्या शाळेवरून त्याला डी. पी. एस. तलाव म्हणतात. तेथें फाटक नाहीं, तिकीट नाहीं, जाळीची गाडी नाहीं. हिंवाळ्यापासून वैशाखापर्यंत रोहित पक्षी, ज्यांस कोणी अग्निपंख म्हणतात, ठाण्याच्या खाडींत येतात. त्यांतले पुष्कळ कच्छच्या रणाकडून. ओहोटीला ते खाडीच्या चिखलांत चरतात आणि भरतीनें चिखल बुडाला कीं विसाव्यास या तळ्यावर उतरतात. खाडीच्या भागाला २०१५ सालीं अभयारण्य आणि २०२२ सालीं रामसर क्षेत्र ठरविण्यांत आलें, परंतु तळें त्या रेषेच्या बाहेर राहिलें. समुद्राचें पाणी आंत येण्याची वाट बुजली, आणि २०२४ च्या वसंतांत तें आटूं लागलें. त्या काळांत तेथें व आसपास कित्येक रोहित मेले. आमच्या सूनबाई रविवारीं शेजाऱ्यांबरोबर तळ्याकांठीं उभ्या राहूं लागल्या त्या तेव्हांपासून. २०२५ सालीं राज्य वन्यजीव मंडळानें हें तळें संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास संमति दिली. कागदावर संमति उमटली तरी पाण्याची वाट मोकळी ठेवण्याचें काम वर्षानुवर्षें करावयाचें आहे, असें त्या म्हणतात आणि रविवार चुकवीत नाहींत.

हे पक्षी घरीं जातात, असें आम्हीं नातीस सांगितलें. पाऊस जवळ आला कीं जातात, आणि तळ्यांत पाणी असेल तर परत येतात. ते कधीं दिसतील, हें मात्र आम्हीं तिला पंचांगावरून काढण्यास शिकविलें आहे. मुंबईचे कोळी म्हणतात, तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ. चतुर्थीस चारांची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीन वाजतां. अष्टमीस सहा वाजतां. ही रीत स्थूल आहे, घटकाभर इकडेतिकडे होतें. पण तळ्यापर्यंत चालत जाणाऱ्यास पुरेशी आहे. नातीनें देवघराशेजारच्या पंचांगांत माघापर्यंतच्या चतुर्थ्यांना तांबड्या पेन्सिलीनें खुणा केल्या आहेत. त्यांतल्या संकष्ट्या आजीच्या उपासाच्या आहेत, तेव्हां तीन वाजतां निघून चंद्रोदयाच्या आंत परत येण्याचा बेत दोघींनीं परस्परच ठरविला आहे.