मायनसमधलं माहेर

2021 साली बंगळूरहून सामानाचा टेम्पो सणसरजवळच्या आमच्या वस्तीवर आला, तेव्हा त्यातून सगळ्यात आधी उतरल्या त्या कुंड्या. चौदा कुंड्या. चहूकडे छातीएवढा ऊस, आणि मध्ये अंगणात मी त्या एकेक करून मांडतोय. आई पडवीतून बघत राहिली. शेवटी म्हणाली, "माती आनलीस व्हय रं हिकडं?"

विचारणाऱ्यांना मी सांगायचो, मुलांसाठी आलो. ते ऐकायला बरं वाटतं आणि पुढचे प्रश्न थांबतात. खरं म्हणजे धाकटा रांगत होता, थोरली सहा वर्षांची; त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बायको सांगलीची. ती एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "परत तू आलास. मी नुसती आले." मी सारवासारव करायला गेलो, म्हटलं मोरोपंतसुद्धा मूळचे पन्हाळ्याचे, बारामतीला आले आणि कायमचे इथलेच झाले. ती म्हणाली, "त्यांना बाबूजी नाइकांचा आश्रय होता. मला तुझ्या आईचा आहे." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

इथला दिवस घड्याळावर चालत नाही, पाण्याच्या पाळीवर चालतो. 1876-77च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी भाटघरला धरण बांधलं आणि नीरा डावा कालवा काढला. त्या पाटाच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगवेगळे मुलूख आहेत. सुपे-मोरगावकडच्या जिरायत पट्ट्यातला पाहुणा आमच्याकडे आला की आधी पाटाकडे बघतो, मग आमच्याकडे. आवर्तन सुटलं की माणसं तुटक बोलायला लागतात. रात्रीची लाईट असली तर रात्री दोनला उठून दारं धरायची. हातात बॅटरी, खांद्यावर फावडं, आणि उसात खसखसलं की पोटात गोळा, कारण बिबट्या आता गोष्टीतला राहिलेला नाही. बंगळूरला रात्री दोनला मी अमेरिकेशी बोलत असे. जागरण तेच, पण इथं सकाळी वाफा भरलेला दिसतो. थोरलीला हे सगळं माझ्याआधी समजलं. पाणी सऱ्यांतून सरकत येताना ती पुढं पळते आणि शेवटाला उभी राहून ओरडते, "पोचलं!"

आम्ही आलो त्या वर्षी कोरोनामुळे तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. पुढच्या वर्षी पालखी पायी आली. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पाहिल्या, बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावला, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावलेल्या गर्दीत माझी मुलगीही होती. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. मला जरा हेवाच वाटला. मी ते शिकून विसरून पुन्हा आठवत होतो.

पण परत येण्याचं माझं कौतुक आईला कधीच वाटलं नाही. याचं कारण कळायला तीन वर्षं लागली.

आईचं माहेर जुनं पळसदेव. ती लग्न होऊन इकडं आली आणि काही वर्षांतच, 1980च्या सुमाराला, भीमेवर उजनी धरण उभं राहिलं आणि गाव पाण्यात गेलं. देव वर नव्या गावात आला, माणसंही आली. पळसनाथाचं देऊळ खालीच राहिलं. उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातला 63 टीएमसीच्या वर मृत साठा. सरकारी शब्द आहे. आईचं घर त्या साठ्याखाली कुठंतरी.

2024च्या उन्हाळ्यात उजनी मृत साठ्यात शिरून उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. "मायनसमधी गेलीय, म्हंजी देऊळ वर आलं आसंल," आई म्हणाली आणि स्वतःच पिशवी भरली. भेगाळलेल्या गाळावरून, शिंपल्यांचा चुरा तुडवत आम्ही गेलो. देवळाचे काळे दगड उन्हात तापले होते. लोक फोटो काढत होते. आईनं देवळाला पाठ लावली आणि पावलं मोजायला लागली. मोजता मोजता चुकली, मागं आली, पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा एका जागी थांबली. ती जागा आणि बाजूची जागा यांत काहीच फरक नव्हता.

"हितं उंबरा हुता."

तिनं चपला काढल्या. थोरलीनं तिच्याकडं पाहिलं, आपल्याही काढल्या, आणि पाय न लावता त्या नसलेल्या उंबऱ्यावरून उडी मारून आत गेली. आत म्हणजे गाळातच. आई बाहेर उभी राहून, माहेरी आलेल्या बाईला विचारावं तसं तिला म्हणाली, "पानी देऊ का, बया?" आणि पिशवीतून बाटली काढली.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. मी 'घरी आलो, घरी आलो' म्हणून मिरवत होतो, ते सारं हिच्यासमोर.

मग पाऊस झाला, पुण्याकडची धरणं भरली, पाणी खाली सुटलं. ऑगस्टच्या सुरुवातीला उजनी भरली. पेपरातला आकडा आईनं चष्मा लावून मोठ्यानं वाचला. बातमी चांगलीच होती. खाली सोलापूरपर्यंत लोक तिची वाट बघत होते.

"आजी, मग आता तुझं घर किती खोल गेलं?" थोरलीनं विचारलं.

"हाय तिथंच हाय," आई म्हणाली. पेपराची घडी घातली, फावडं उचललं. "चल. चारीला पानी आलंय."