दम ऐकणारा कान

यंदाच्या एका कबड्डी सामन्यात मी दम ऐकला नाही, ओठ पाहिले. चढाईपटूचे ओठ हलत होते म्हणून गप्प राहिलो, आणि त्याने गुण नेला. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला पंच म्हणून माझीच शिष्या उभी होती. सामन्यानंतर हळूच म्हणाली, “काका, दम केव्हाच गेला होता.” मी तिच्यावरच डाफरलो, तेव्हाच सांगायला काय झालं होतं?

बोनस रेषा मला कधी जड गेली नाही. मागच्या चवड्यावर डोळा ठेवला की काम भागतं. दम तसा हाती लागत नाही. ‘कबड्डी’ची ‘बड्डी’ होते, मग ‘ड्डी’, मग नुसती गुणगुण. पकडीच्या झोंबाझोंबीत पोराने श्वास चोरला की गिळला? मातीवर दम छातीतून यायचा, अंधारातही ओळखला असता. मॅटवर पावलांची थापथाप, वर डीजे. आयोजक आधी डीजेचे पैसे मोजतात. पंचांचं पाकीट बक्षीस समारंभ आटोपल्यावर.

२०१४ पासून टीव्हीवर प्रो कबड्डी आली आणि नव्या पंचांचे हात छान वळायला लागले. हातवारे तिथले, कान कुठला? तिथे निर्णय पुन्हा पाहायला कॅमेरे आहेत, गावच्या मैदानावर कोण आहे? पंच परीक्षेत नियम विचारतात. कान कोण घडवणार?

शिष्येचा कान मी घडवला म्हणतो, पण मुळात मला पांढऱ्या शर्टाची इस्त्री आणि शिट्टी आवडायची. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, तेव्हा आपल्यालाही बोलावणं येईल असं वाटून मी नवे बूट घेतले होते.

भाऊच्या धक्क्याला सामन्यासाठी निघालो की मोरा बंदरात ओहोटीच्या गाळामुळे लाँच रखडायची. त्या वेळात मी शिष्येकडे पाठ करून उभा राहायचो. ती दम म्हणायची, मध्येच श्वास चोरायची, मी पकडायचो. मग लाँचमध्ये, इंजिनाच्या घरघरीत तेच, पण आता ती ऐकणार. गेल्या महिन्यात पुन्हा मी पाठ केली. तिने तीनदा श्वास चोरला म्हणे. मी एकदाच हात वर केला.

१५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीला, कबड्डी दिनाचे हारतुरे होतात. त्याच मांडवात पंचांचे कान तपासायला डॉक्टर बसवा. मी पहिला नंबर लावतो. तोवर गुणलेखकाच्या टेबलाशी बसतोय.