कोल्हापूर ते तिरुपती: आकाशातला हिशेब

उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून रेणिगुंट्याच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर अंतर भरतं सुमारे 655 किलोमीटर. उड्डाणांचं नियोजन करणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे लोक विचारतात, "विमानानं तिरुपतीला किती वेळ लागतो हो?" कोल्हापूरकरांनी हे विचारणं साहजिकच आहे. अंबाबाईच्या दर्शनाशिवाय बालाजीची यात्रा पुरी होत नाही ही श्रद्धा, नवरात्रात तिरुपतीहून देवीला येणारा शालू, हरिप्रिया एक्सप्रेसमध्ये काढलेल्या रात्री. हे नातं जुनं आहे. पण एका आकड्यात उत्तर देणं मला पटत नाही.

ही रेघ हंपीच्या जवळून जाते आणि तिच्या मध्यावर बळ्ळारी येतं. पंख्यांचं एटीआर 72 ताशी साधारण 500 किलोमीटर जातं, म्हणजे एक तास वीस मिनिटं. जेट 800 च्या वेगानं पन्नास मिनिटांत पोचावं. मात्र जेट उंची गाठून स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरणीची वेळ येते. वाचणारा अर्धा तास त्यात आटतो. याहून निम्म्या अंतरावर तर मी डोळे मिटून एटीआर निवडेन, इंधन कितीतरी कमी लागतं.

खरी गंमत पावसाळ्यात. जुलैत खालच्या थरांत नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पाच-सहा किलोमीटरवर त्याचा जोर ओसरलेला असला, तरी तिरुपतीकडे निघालेल्या एटीआरला तो मागून थोडाफार रेटा देतो. दहा-अकरा किलोमीटरवरच्या जेटला मात्र त्याच दिवशी समोरून वारा लागतो, कारण तिथं पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा प्रवाह असतो. त्याहूनही वर त्याचा जोर सर्वांत जास्त. या पूर्वेच्या झोतवाऱ्याचं वर्णन पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात केलं. आपल्याच डोक्यावरचा हा वारा आपल्याच माणसानं जगाला समजावला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. ताशी 40 किलोमीटरचा वारा धरला, तर एटीआरच्या जाण्यात आणि येण्यात बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो.

शिवाय विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि तसंच उतरतं. दोन्ही धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिम आहेत. पश्चिमेचा वारा असेल, तर कोल्हापूरहून आधी तिरुपतीकडे पाठ करून उड्डाण करायचं, मग वळायचं. तिकडे विमानतळ ओलांडून पलीकडून वळून उतरायचं. पूर्वेचा वारा असला की हे दोन्ही वळसे टळू शकतात.

वेळापत्रकात छापलेली वेळ याहून मोठी असते, कारण ती विमान जागचं हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतची. त्यात धावपट्टीकडे जाणं, परवानगीसाठी थांबणं हेही आलं. कंपनीनं त्यात थोडी सवड धरलेली असते, म्हणून एखाद्या दिवशी विमान "लवकर" पोचतं. ही सवड मला योग्यच वाटते. दर्शनाची वेळ आरक्षित करून निघणाऱ्यांनी त्या छापील वेळेपुढे सामानाची अर्धी घटका आणि रेणिगुंट्याहून तिरुमलाच्या घाटाचा किमान तासभर धरावा, आणि शक्यतो आदल्या दिवशीचं विमान घ्यावं.